यंत्राचें उत्तर आणि त्याचा ताळा

मराठी शाळेंत अंकगणित शिकविण्याची जी जुनी रीत होती, तींत उत्तर काढणें हें अर्धेंच काम मानीत. गुणाकार पुरा झाला कीं मुलानें पाटीच्या कोपऱ्यांत ताळा मांडावा, आणि ताळा जुळल्याखेरीज पाटी गुरुजींपुढें नेऊं नये, असा दंडक असे. ताळा जुळला नाहीं तर उत्तर खात्रीनें चुकलेलें. जुळला तर तें बहुधा बरोबर. हा 'बहुधा' शब्दहि मुद्दाम शिकवावा लागे. ४८ ला २७ नीं गुणिलें असतां १२९६ येतात. परंतु घाईंत अंकांची उलटापालट होऊन कोणी १२६९ लिहिले, तरी नवांचा ताळा जुळतोच, कारण दोन्ही संख्यांतील अंकांची बेरीज १८ च भरते. म्हणून शहाणा विद्यार्थी ताळा पाही, आणि गुणाकाराच्या ओळींवरूनहि पुन्हां एकदां नजर फिरवी.

हा जुना धडा आज एका अगदीं नव्या प्रसंगीं उपयोगीं पडण्यासारखा आहे. आंतरजालावर एखादी गोष्ट शोधावयाची म्हणजे पूर्वीं शोधयंत्राला दोनचार शब्द द्यावे, आणि त्यानें त्या विषयावरील पानांची यादी पुढें ठेवावी, एवढाच व्यवहार होता. यादींतील कोणतें पान उघडावें, कोणाचें म्हणणें मानावें, हें वाचकानें ठरवावयाचें. ग्रंथपाल कपाटाकडे बोट दाखवितो. पुस्तक स्वतः वाचून त्याचा निर्णय सांगत नाहीं. आतां ग्रंथपालाचा हा धर्म पालटला आहे. प्रश्न टाकतांच यादीच्या माथ्यावर एक सुबक परिच्छेद उमटतो, आणि त्यांत प्रश्नाचें सरळ उत्तर दिलेलें असतें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'बिंग' या शोधयंत्रांत असा उपक्रम फेब्रुवारी २०२३ मध्यें सुरू केला. गूगल कंपनीनें त्याच वर्षीं प्रयोग करून १४ मे २०२४ रोजीं अमेरिकेंत हे सारांश सर्वांना खुले केल्याचें जाहीर केलें, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें ते भारतांतहि आणले.

हा परिच्छेद कोणी मनुष्य लिहीत नाहीं. कृत्रिम बुद्धीचें यंत्र तो क्षणार्धांत रचतें. तेव्हां त्यावर भरवसा ठेवावा कीं नाहीं, आणि ठेवावा तर किती, हा प्रश्न आतां पंडितांपुरता राहिलेला नाहीं. औषध घेणारा रोगी, फवारणी करणारा शेतकरी, परीक्षेला बसणारा मुलगा, बँकेच्या कचेरीचा क्रमांक शोधणारी गृहिणी, या सर्वांना तो रोज पडावयास पाहिजे. पडत मात्र नाहीं. कारण उत्तर इतक्या ठामपणें पुढें येतें कीं शंकेला अवसरच राहत नाहीं.

विश्वासाचा विचार करण्यापूर्वीं हें उत्तर तयार कसें होतें तें पाहिलें पाहिजे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागांत यंत्र प्रश्नाशीं जुळणारीं कांहीं पानें गोळा करतें. दुसऱ्या भागांत त्या पानांतील मजकूर 'भाषा-प्रतिमान' नांवाच्या रचनेच्या स्वाधीन होतो, आणि ती त्यावरून नवीं वाक्यें जुळविते. सन २०१७ मध्यें गूगलमधील संशोधकांनीं 'ट्रान्सफॉर्मर' नांवाची जी गणिती मांडणी प्रसिद्ध केली, तिच्या पायावर आजचीं बहुतेक प्रतिमानें उभीं आहेत. अशा प्रतिमानाला अफाट मजकूर दाखवून मुळांत एकच गोष्ट शिकविलेली असते, ती ही कीं अमुक शब्दांच्या मागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. पुढें त्यावर दुसरेहि संस्कार करतात. पण पाया हाच. मोठ्या कचेरींतला मुरलेला कारकून अर्ज पुरता न वाचतांहि ठरीव थाटाचें उत्तर झरझर लिहितो, आणि तें पुष्कळ वेळां बरोबरहि निघतें. तसाच हा प्रकार होय. भाषा शुद्ध, वाक्यें गोळीबंद, स्वर निश्चयाचा. परंतु खरें वाक्य आणि खोटें वाक्य यांच्या घडणींत व्याकरणदृष्ट्या कांहींच भेद नसतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे धोका कोठें आहे तें उमगतें.

चूक होण्याचा पहिला मार्ग म्हणजे मूळ पानच खोटें असणें. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी म्हण आहे. येथें आडांत जें जें पडलें असेल तें तें पोहऱ्यांत येऊं शकतें. अमेरिकेंत हे सारांश खुले झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे नमुने वर्तमानपत्रांत झळकले. पिझ्झावरील चीज घसरूं नये म्हणून काय करावें, या प्रश्नाला सॉसमध्यें थोडा बिनविषारी गोंद मिसळावा, असा सल्ला मिळाला. त्याचें मूळ शोधतां आढळलें तें असें कीं, 'रेडिट' नांवाच्या गप्पांच्या चावडीवर सुमारें अकरा वर्षांपूर्वीं कोणीं तरी थट्टेनें लिहिलेली ती ओळ होती. दुसऱ्या एका उत्तरांत, रोज निदान एक लहानसा दगड खावा अशी भूशास्त्रज्ञांची शिफारस आहे, असें सांगितलें गेलें. तो मजकूर 'द ओनियन' या विनोदी पत्रांतील उपहासलेखाचा होता. पण भूगर्भविषयक काम करणाऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर तो पुन्हां छापलेला असल्यामुळें यंत्राच्या लेखीं शास्त्रीय मजकुरांत जमा झाला. शिमग्याच्या सोंगांतील राजाला खेड्यांतलें पोरहि खरा राजा समजत नाहीं; कारण सण कोणता, स्थळ कोणतें, बोलणारा कोण, हें तें जाणतें. यंत्रापुढें केवळ शब्द येतात. सोंगाचा दिवस येत नाहीं. गूगल कंपनीनें ३० मे २०२४ रोजीं निवेदन प्रसिद्ध करून अशा चुका झाल्याचें मान्य केलें, आणि विनोदी मजकूर टाळण्यासह बाराहून अधिक तांत्रिक सुधारणा केल्याचें सांगितलें. कबुली दिली हें योग्यच झालें.

दुसरा मार्ग याहून सूक्ष्म आहे. मूळ पान बरोबर असतें, पण त्याचा अर्थ उलटा लागतो. त्याच दिवसांत या सारांशानें बराक ओबामा हे अमेरिकेचे मुसलमान राष्ट्राध्यक्ष होत, असें विधान केलें, आणि आधार म्हणून एका विद्वत्तापूर्ण ग्रंथांतील प्रकरण दाखविलें. वास्तविक ओबामा हे ख्रिस्ती आहेत. त्या प्रकरणांत ही लोकवदंता खरी म्हणून सांगितलेली नव्हती, तर खोटी वदंता म्हणून तिची चर्चा केलेली होती. आपल्याकडील शास्त्रग्रंथ वाचणारांना हा घोटाळा नवा नाहीं. शास्त्रकार आधीं पूर्वपक्ष मांडतो, आणि मागाहून त्याचें खंडन करून सिद्धान्त सांगतो. अर्धवट विद्यार्थी पूर्वपक्षाचींच वाक्यें पाठ करून तीं आचार्यांच्या नांवावर खपवितो. ग्रंथ खरा, वाक्यहि त्यांतलेंच, आणि अर्थ मात्र नेमका विरुद्ध!

तिसरा मार्ग सर्वांत घातक, कारण त्यांत प्रत्येक शब्द खरा असूनहि उत्तर खोटें होऊं शकतें. मूळ लेखकानें घातलेल्या अटी सारांशांत गळून पडतात. जानेवारी २०२६ मध्यें इंग्लंडांतील 'द गार्डियन' या पत्रानें आरोग्यविषयक सारांशांची तपासणी प्रसिद्ध केली. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या रोग्यांनीं स्निग्ध पदार्थ टाळावे, असा सल्ला एका सारांशांत आढळला. जाणत्यांचें म्हणणें याच्या उलट होतें. अशा रोग्याचें वजन घटत असतें, आणि पुरेसें पोषण पोटांत गेलें नाहीं तर पुढील उपचार सोसण्याची शक्तिच त्याच्या अंगांत राहत नाहीं. यकृताच्या रक्ततपासणीचे 'प्रमाणशीर' आंकडेहि सारांशानें दिले. परंतु वय, स्त्री-पुरुषभेद इत्यादि गोष्टींनीं ते बदलतात, हा विचार त्यांत नव्हता. ज्याला खरोखर विकार आहे त्यानें असा आंकडा पाहून 'माझें सर्व ठीक आहे' असें मानलें आणि तो डॉक्टरकडे गेलाच नाहीं, तर त्या एका ओळीची किंमत किती होईल? या बोभाट्यानंतर त्यांपैकीं कांहीं सारांश कंपनीनें काढून टाकले. बहुसंख्य सारांश अचूक व उपयुक्त असतात, असें कंपनीचें म्हणणें आहे. आणि तें खरें मानलें तरी अल्पसंख्येंत कोणाचा रोग सांपडेल हें कोण सांगणार?

हीच गोष्ट शेताच्या बांधावर आणून पाहावी. एखादा शेतकरी मोबाईलवर विचारतो, अमुक किडीवर अमुक औषध किती घालावें? सारांश एक आंकडा देतो. तो एकराचा कीं हेक्टराचा? एक हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर. शब्द गळला तर मात्रा अडीचपट होते, किंवा अडीचपट कमी पडते. एकींत पीक आणि फवारणारा दोघेहि धोक्यांत, दुसरींत पैसा पाण्यांत. आणि मूळ आधार तर त्याच्या हातांतल्याच डब्यावर चिकटविलेला असतो! त्या चिठ्ठीवर मात्रा छापलेली असते, पीक छापलेलें असतें, फवारणीनंतर किती दिवस काढणी करूं नये हेंहि छापलेलें असतें.

अशा चार गोष्टी सांगून साऱ्या यंत्राला दोषी ठरविणें न्यायाचें नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. आणि तो रास्त आहे. म्हणून मोजणी काय सांगते तें पाहूं जातां रेडिओसंस्थांनींच केलेली एक पाहणी हातीं येते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बी.बी.सी. यांनीं ऑक्टोबर २०२५ मध्यें ती प्रसिद्ध केली. १८ देशांतील २२ सार्वजनिक प्रसारणसंस्थांनीं १४ भाषांत, बातम्यांविषयीं विचारलेल्या प्रश्नांचीं सुमारें ३००० उत्तरें तपासलीं. उत्तर देणारीं यंत्रें चार होतीं: चॅटजीपीटी, कोपायलट, जेमिनाय आणि परप्लेक्सिटी. शेंकडा ४५ उत्तरांत निदान एक तरी ठळक दोष निघाला. शेंकडा ३१ उत्तरांत आधार दाखविण्यांतच गंभीर दोष होता. आणि शेंकडा २० उत्तरांत माहितीच्या अचूकतेला मोठा बाध आलेला होता. त्यापूर्वीं मार्च २०२५ मध्यें कोलंबिया विद्यापीठांतील टाऊ सेंटरनें अशाच आठ शोधसाधनांची परीक्षा घेतली. बातमींतील एक उतारा द्यावा आणि ती कोणत्या पत्रांतील, कोणत्या तारखेची, तें विचारावें, अशा १६०० प्रश्नांपैकीं शेंकडा ६० हून अधिकांचीं उत्तरें चुकलीं.

या आंकड्यांचाहि ताळा पाहिला पाहिजे. हीं परीक्षणें मुख्यतः बातम्यांचीं आहेत. पाककृति, व्याकरण वा प्रवासाची वाट यांविषयींच्या उत्तरांनाहि तोच आंकडा लावणें चुकीचें होईल. तपासलेलीं यंत्रेंहि संवाद करणारीं व शोध घेणारीं अशीं मिश्र आहेत, आणि यंत्रें महिन्यागणिक बदलतात. तरीहि एक गोष्ट यांतून निर्विवाद दिसते: उत्तराखालीं आधाराचा दुवा दिसला म्हणजे उत्तराला आधार आहेच, असें नाहीं. हा दुवा म्हणजे १२६९ चा ताळा होय. वरून जुळतो, आंत गुणाकार चुकलेला असूं शकतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. विश्वास ठेवणें म्हणजे काय? न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार प्रमाणें मानिलेलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जगांतील बहुतेक माहिती मनुष्याला या चौथ्या प्रमाणानेंच मिळते. ज्यानें लंडन पाहिलें नाहीं, तोहि लंडन आहे असें मानतो, कारण पाहणारानें सांगितलें. परंतु शब्द प्रमाण कोणाचा? आप्ताचा. आप्त म्हणजे नात्यागोत्याचा नव्हे. ज्याला वस्तु जशी आहे तशी ठाऊक आहे, आणि जी ठाऊक आहे ती तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. या व्याख्येंत एक ज्ञानाची आणि एक सचोटीची, अशा दोन अटी आहेत. यंत्र दोहोंपैकीं एकीलाहि उतरत नाहीं. तें लबाड नाहीं. लबाडीला हेतु लागतो. पण तें सत्यवादीहि नाहीं, कारण सत्यवादालाहि हेतु लागतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यांत चुका नव्हत्या असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु त्या खंडांवर संपादकाचें नांव होतें, चूक दाखविणाराला पत्र पाठवावयास पत्ता होता, आणि दहा वाचकांनीं पान उघडलें तर दहांनाहि एकच मजकूर दिसे. सारांशाचें तसें नाहीं. सकाळचें उत्तर संध्याकाळीं पालटतें. शब्द थोडे फिरवून विचारलें तर उत्तरहि फिरतें. ज्याचें बोलणें स्थिर नाहीं, त्याला साक्षीदार म्हणतां येत नाहीं.

त्याला मग काय म्हणावें? वाटाड्या म्हणावें. हाच शब्द त्याला शोभतो. वाटाड्या कामाचा असतो. अनोळखी मुलुखांत त्याच्यावांचून पाऊल टाकणें कठीण. परंतु देवळांत मूर्ति कोणती आहे हें त्याच्या तोंडून ऐकून कोणी देवळाच्या दारांतूनच परत फिरत नाहीं.

महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनानें हाच धडा मोठ्या श्रमानें शिकविलेला आहे. बखरी पुष्कळ होत्या. वाचावयास सोप्या, भाषा रसाळ, निवेदन ठाम. परंतु त्यांपैकीं पुष्कळ प्रसंगानंतर कित्येक वर्षांनीं, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें धुंडाळलीं, आणि सन १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्या काळचा एक अस्सल कागद मागाहूनच्या लांबलचक बखरीपेक्षां भारी, हा विवेक त्यांच्या कार्यानें रुजला. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेंच उदाहरण घ्यावें. बखरींच्या आधारें वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथि सांगत असत. सन १९१६ मध्यें लोकमान्य टिळकांनीं जेधे घराण्यांतील शकावली प्रकाशांत आणली. तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. त्यावर वाद झाले, इतर साधनें तपासलीं गेलीं, आणि आज महाराष्ट्रांत शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीस होते. शोधयंत्राच्या सारांशांत ही तारीख एका ओळींत मिळते, आणि ती अचूकच मिळते असें समजूं. तरी त्या ओळींत शकावली नाहीं, वाद नाहीं, तारीख ठरली कशी तें नाहीं. ज्या विद्यार्थ्याला एवढी ओळच ठाऊक, त्याला उद्यां कोणीं दुसरी तारीख तितक्याच ठामपणें सांगितली, तर ती खोटी हें तो कशावरून ठरविणार?

मराठींत प्रश्न विचारणारानें तर अधिकच सावध राहिलें पाहिजे. सन २०११ च्या शिरगणतींत मराठी मातृभाषा सांगणारांची संख्या सुमारें ८ कोटी ३० लाख भरली. पण आंतरजालावरील मराठी मजकूर या संख्येच्या मानानें फारच थोडा आहे. मराठी विकिपीडियावरील लेख लाखाच्या आसपास, तर इंग्रजीवरील लेख सत्तर लाखांच्या घरांत. आड जितका उथळ, तितका पोहऱ्यांत गाळ यावयाचा. मराठी आधार सांपडला नाहीं म्हणजे परक्या देशांतील मजकुराचें मराठी रूपांतर पुढें येण्याचा संभव राहतो. मग कायदा कोणत्या देशाचा, औषधाचें नांव कोणत्या बाजारांतलें, पेरणीचा महिना कोणत्या हवामानाचा, हा विवेक वाचकालाच करावा लागतो. अस्सल मराठी वाक्यांत आलेली परकी माहिती ओळखणें मोठें कठीण. वाक्य घरचें वाटलें कीं मजकूरहि घरचाच वाटतो.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्याची नजर मंदावली आहे, ज्याला इंग्रजी येत नाहीं, ज्याला दहा पानें चाळण्यास वेळ नाहीं, त्याला या सारांशानें मोठा आधार दिला आहे. अवघड शब्दाचा अर्थ, एखाद्या सरकारी योजनेचें ढोबळ स्वरूप, रोगाचें नांव व त्याबाबत डॉक्टरला काय विचारावें, इतकें समजून घेण्यास तो फार उपयोगी पडतो. पूर्वींची यादी तरी सर्वस्वीं निर्मळ कोठें होती? तींतहि जाहिराती होत्या, खोटीं पानें होतीं. आणि माणसें चुकत नाहींत असें नाहीं. पाठ्यपुस्तकांतहि चुका निघतात. भेद एवढाच कीं, यादींत दहा तोंडें होतीं आणि तीं एकमेकांशीं भांडत. त्या भांडणांतून वाचक जागा राही. आतां एकच तोंड बोलतें, आणि वाचकाला गोड झोंप लागते.

ही झोंप केवळ कल्पनेंतली नाहीं. प्यू संशोधनसंस्थेनें मार्च २०२५ मध्यें अमेरिकेंतील ९०० प्रौढांचा आंतरजालावरील प्रत्यक्ष वावर पाहून त्याचा अहवाल जुलैमध्यें प्रसिद्ध केला. जेथें सारांश नव्हता तेथें यादींतील एखादा दुवा उघडण्याचें प्रमाण शेंकडा १५ होतें. सारांश असला कीं तें शेंकडा ८ वर आलें. आणि सारांशांतच दिलेला आधाराचा दुवा उघडण्याचें प्रमाण? शेंकडा १! म्हणजे शंभर वेळां पाटी पुढें आली, आणि ताळा पाहिला गेला एकदां. यांत आणखी एक अनर्थ दडलेला आहे. ज्यांनीं श्रम करून मूळ लेख लिहिले, त्यांच्या दाराशीं कोणी जाईनासें झालें, तर वर्तमानपत्रें, वैद्यकीय संस्था, अभ्यासू लेखक हे तो मजकूर किती दिवस लिहितील? पोहऱ्याचेंच कौतुक होत राहिलें आणि आड उपसावयास कोणी उरला नाहीं, तर एक दिवस पोहराहि रिकामाच वर येईल.

तेव्हां करावें काय? यंत्र फेंकून द्यावें, असें कोणी शहाणा सांगणार नाहीं. विश्वासाचें माप प्रश्नाच्या जोखमीवरून ठरवावें, हेंच व्यवहाराला धरून आहे. चूक झाल्यास हंसून सोडून देतां येईल, अशा प्रश्नाला सारांश पुरे. परंतु जेथें देह, पैसा, कायदा, शेत किंवा कोणाची अब्रू गुंतलेली आहे, तेथें सारांश ही केवळ सुरुवात समजावी. आधाराचा दुवा उघडावा. सारांशांतलें वाक्य तेथें खरोखर आहे काय, आणि तें लेखकाचें स्वतःचें मत आहे कीं त्यानें खोडून काढलेला पूर्वपक्ष आहे, तें पाहावें. मजकूर कोणाचा, कोणत्या सालचा, कोणत्या देशाचा, हें पाहावें. आंकडा असेल तर त्याचें माप पाहावें: एकर कीं हेक्टर, ग्रॅम कीं मिलिग्रॅम. दुसरा एक स्वतंत्र आधार मिळवावा. पहिल्याचीच नक्कल करणारा दुसरा हा दुसरा नव्हे. औषधाची मात्रा डॉक्टरला अथवा औषधविक्रेत्याला विचारावी. बँकेचा किंवा कंपनीचा दूरध्वनि-क्रमांक शोधाच्या उत्तरांतून कधींहि घेऊं नये. भामटे आपले क्रमांक खऱ्या संस्थांच्या नांवावर आंतरजालावर पेरून ठेवतात. पासबुकावर, कार्डाच्या पाठीवर किंवा संस्थेच्या अधिकृत पानावर असेल तोच क्रमांक फिरवावा. आणि फसगत झालीच, तर विलंब न लावतां १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शाळांतूनहि ही संवय लावतां येईल. मुलांना यंत्र वापरूं नका असें सांगून तीं ऐकणार नाहींत, आणि तसें सांगणें योग्यहि नाहीं. त्याऐवजीं सारांश आणि त्याचें मूळ पान शेजारीं शेजारीं ठेवून, मूळांतील काय गळलें, काय वाढलें, काय फिरलें, हें मुलांकडून काढून घ्यावें. ज्या मुलानें असा एक तरी फरक स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला, त्याला सावधपणाचें वेगळें व्याख्यान द्यावें लागणार नाहीं.

पाटी गेली, पेन्सिल गेली, आणि उत्तर काढण्याचे श्रमहि पुष्कळसे गेले. ताळा पाहण्याचें काम मात्र ज्याचें त्याच्याकडेच राहिलें आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या हातांत आज रात्रीं मोबाईल असेल, त्यांनीं यंत्राला एखादा महत्त्वाचा प्रश्न विचारल्यावर उत्तराखालचा एक दुवा तरी उघडून पाहावा. शंभरांतला तो एक प्रत्येक घरांत सांपडला, तरी पुष्कळ झालें.